कागदावर काय, पडद्यावर काय

१. रोजच्या लोकलमध्ये ई-रीडरच बरा. गर्दीच्या वेळी डोंबिवलीला चढल्यावर एक हात कडीला अडकलेला असतो. दुसऱ्या हातात जेमतेम दोनशे ग्रॅमचं यंत्र सहज मावतं आणि पान उलटायला अंगठा पुरतो. फोनवर मात्र मी वाचत नाही. तिथे दर परिच्छेदाला कुणाचा तरी निरोप टपकतो.

२. मराठी ई-पुस्तक विकत घेण्याआधी नमुना उतरवून अक्षर मोठं करून बघावं. हे मी सगळ्यांना आवर्जून सांगते. पुष्कळ जुनी पुस्तकं म्हणजे छापील पानांचे नुसते फोटो असतात. अक्षर वाढवलं की ओळ पडद्याबाहेर पळते आणि पान सतत डावीउजवीकडे सरकवावं लागतं. काही ठिकाणी फॉन्ट बदलताना जोडाक्षरं फुटलेली असतात, रफार भलत्याच अक्षरावर चढलेला असतो. युनिकोडमध्ये नीट टाइप केलेलं पुस्तक मिळालं, तर गोष्टच वेगळी. मोतीबिंदूमुळे आईचं वाचन बंद पडलं होतं. अक्षर बोराएवढं करून दिल्यावर ती पुन्हा दुपारभर वाचू लागली. प्रकाशकांनी एवढी मेहनत घ्यायलाच हवी.

३. जुनं साहित्य आधी पडद्यावर शोधावं. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे २०११पासून त्यांचं लेखन सर्वांना खुलं आहे. मराठी विश्वकोशही इंटरनेटवर फुकट आहे. एका नोंदीसाठी जाडजूड खंड उतरवावा लागत नाही.

४. पुन्हापुन्हा लागणारं पुस्तक कागदावरच घ्यावं. ई-पुस्तकाचे पैसे भरले तरी बहुतेक वेळा हाती येतो तो वाचायचा परवाना. २००९ साली ऑरवेलच्या ‘१९८४’च्या काही प्रती अ‍ॅमेझॉनने वाचकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या, कारण विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत मिळाले, पण एका शाळकरी मुलाने त्यावर काढलेल्या टिपा निरुपयोगी झाल्या.

५. कविता कागदावर. अक्षर वाढवलं की चरण मध्येच मोडतो, ते मला सोसत नाही.

६. मुलं कपाटासमोर उभी राहून हाताला लागेल ते काढतात. माझ्या ई-रीडरमधली पुस्तकं भाचीला दिसतच नाहीत. म्हणून तिच्या वयाची पुस्तकं मी छापीलच घेते आणि खालच्या कप्प्यात ठेवते.