रोजची वाटणी आणि बारा आकडी नंबर
(प्रौढ वर्ग व संडेस्कूल शिक्षकांसाठी अभ्यासलेख)

वाचन : प्रेषितांची कृत्ये ६:१–७, नहेम्या ७:६१–६५

पाठाचा हेतू : सरकारी धोरणावर मतभेद झाला असता दोन्ही बाजू नीट समजून घेणे, आणि त्या वादात जो मनुष्य वगळला जातो त्याच्याकडे लक्ष देणे.

सरकारने एखादी नवी योजना आणली की आपल्या घरात आणि उपासनेनंतर चर्चच्या आवारात लगेच दोन तट पडतात. थोड्याच वेळात मूळ प्रश्न बाजूला राहतो आणि कोण कोणत्या पक्षाचा, यावर बोलणे येऊन ठेपते. असा वाद टाळावा असे आम्ही म्हणत नाही. ज्या देशात आपण राहतो त्याच्या कारभाराचा विचार करणे हे आपले कर्तव्यच आहे. परंतु वाद कसा करावा हे शिकावे लागते. त्यासाठी ह्या महिन्याच्या पाठात आम्ही सर्वांच्या खिशात असलेला एक विषय घेतला आहे. तो म्हणजे आधार कार्ड.

१. योजना कशी आली

२००९ च्या जानेवारीत केंद्र सरकारने नियोजन आयोगाखाली ओळख क्रमांकाचे एक प्राधिकरण स्थापन केले. नंदन नीलेकणी हे त्याचे पहिले अध्यक्ष. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली ह्या आदिवासी गावी देण्यात आला. त्या वेळी पंतप्रधान मनमोहनसिंग स्वतः हजर होते. हेतू असा सांगण्यात आला की, ज्या गरिबाजवळ जन्माचा दाखला नाही, घराचा कागद नाही, त्याला निदान एक ओळख मिळावी.

ह्या कामासाठी कायदा करण्याचे विधेयक २०१० साली संसदेत आले. डिसेंबर २०११ मध्ये यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालील स्थायी समितीने ते नापसंत केले. तरी नोंदणी चालूच राहिली. २०१४ साली सरकार बदलले. नव्या सरकारने योजना बंद न करता वाढविली आणि मार्च २०१६ मध्ये तिचा कायदा केला. तो अर्थविधेयक म्हणून मांडल्यामुळे राज्यसभेने सुचविलेल्या दुरुस्त्या लोकसभेने बाजूला ठेवल्या. पुढे नोंदलेल्यांची संख्या १३० कोटींच्या वर गेली.

शिक्षकांनी येथे एक गोष्ट वर्गाच्या ध्यानात आणून द्यावी. ज्यांनी ही योजना आणली, त्यांनी पुढे विरोधात बसल्यावर ह्या कायद्यावर टीका केली. आणि विरोधात असताना ज्यांनी टीका केली होती, त्यांनी सत्तेवर आल्यावर ती जोमाने चालविली. म्हणून हा प्रश्न एका पक्षाचा व दुसऱ्या पक्षाचा असा मांडला तर आपली फसगत होईल. प्रश्नाचा विचार प्रश्न म्हणूनच करावा.

२. यंत्र काय करते

पुष्कळांना वाटते की आधार म्हणजे ते कार्ड. वास्तविक कार्डाला फारसे महत्त्व नाही. महत्त्व आहे त्या १२ आकडी नंबराला आणि त्यामागे साठविलेल्या खुणांना. नोंदणीच्या वेळी दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांतील बुबुळांची चित्रे व चेहऱ्याचा फोटो घेतात. ह्या खुणा आधीच्या नोंदींशी ताडून पाहतात, म्हणजे एका माणसाला दोन नंबर मिळू नयेत. पाच वर्षांखालील मुलांचे ठसे घेत नाहीत. ते पाचव्या व पुन्हा पंधराव्या वर्षी द्यावे लागतात.

नंतर रेशन दुकानात आपण अंगठा लावतो, तेव्हा दुकानातील मशीन तो ठसा व नंबर दूरच्या केंद्राकडे पाठविते आणि तिकडून फक्त 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर येते. 'होय' आले की धान्य मिळते. 'नाही' येण्याची कारणे मात्र अनेक असू शकतात. विटा वाहणाऱ्याच्या, भांडी घासणाऱ्या बाईच्या व वृद्धांच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात. कधी गावात नेटवर्क नसते, कधी वीज नसते. मशीनला ह्यातले काही कळत नाही. खोटा माणूस आणि झिजलेला अंगठा, दोहोंना ते एकच उत्तर देते.

आणखी एक गैरसमज दूर करावा. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे कायद्यातच म्हटले आहे. नोंदणीपूर्वीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस येथे राहिलेल्या कोणालाही तो मिळू शकतो.

३. दोन्ही बाजूंचे म्हणणे

बाजूने बोलणारे असे म्हणतात : पूर्वी खोट्या नावांची शिधापत्रके काढून गरिबांचे धान्य मधल्यामध्ये खाल्ले जाई. आता ज्याचे त्याला मिळते, आणि पैसा थेट बँकेतील खात्यात जमा होतो. ह्यात तथ्य आहे. शिवाय पोटासाठी परमुलखी गेलेल्याला ह्याचा मोठाच उपयोग झाला. शिधापत्रक एका राज्याचे आणि धान्य दुसऱ्या राज्यात, ही सोय २०१९ च्या ऑगस्टमध्ये प्रथम आंध्र व तेलंगण आणि महाराष्ट्र व गुजरात अशा जोड्यांत सुरू झाली. १ जानेवारी २०२० पासून ती १२ राज्यांत लागू झाली. त्यांत कर्नाटक, गोवा व मध्य प्रदेशही होते. ही सोय आधारच्या ओळखीवर चालते. सोलापूरचा मजूर हैदराबादेत किंवा धुळ्याचा मजूर बडोद्यात अंगठा लावून धान्य घेऊ शकतो, ही काही लहान गोष्ट नाही.

विरोधात बोलणारे म्हणतात : एकाच नंबराला बँक, फोन, आयकर, रेशन सर्व जोडले तर मनुष्याचे सारे आयुष्य एका ठिकाणी उघडे पडते. पासवर्ड चोरीस गेला तर बदलता येतो, पण बोट बदलता येत नाही. आणि ज्याचा अंगठा जुळत नाही त्याने खावे काय? २०१७ साली झारखंडात एका गरीब कुटुंबातील मुलगी मरण पावली. आधारशी न जोडल्यामुळे घरचे शिधापत्रक रद्द झाले होते व ती उपाशी मेली, असे घरच्यांचे म्हणणे. मृत्यू तापाने झाला, असे सरकारचे म्हणणे. मृत्यूचे कारण काहीही ठरो, त्या घरात धान्य येणे थांबले होते. अशा घरांचे जे धान्य सरकारचे 'वाचले', ते बचतीच्या हिशेबात धरावे काय, असा ह्या पक्षाचा प्रश्न आहे. आम्हांला तो रास्त वाटतो.

४. न्यायालयाने काय ठरविले

कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. तेथे सरकारतर्फे असे सांगण्यात आले की, खाजगीपणा हा मूलभूत हक्कच नव्हे. कारण १९५४ व १९६२ सालचे मोठ्या पीठांचे निर्णय तसे आहेत. त्यामुळे आधी तोच प्रश्न सोडवावा लागला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला की, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे.

मग २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांनी आधारच्या कायद्याचा निकाल दिला. चौघांच्या मते कायदा वैध ठरला. सरकारी मदतीसाठी व पॅन कार्डासाठी आधार मागता येईल, परंतु बँकेच्या खात्यासाठी व मोबाईलच्या सिमकार्डासाठी त्याची सक्ती करता येणार नाही, असे ठरले. खाजगी कंपन्यांना दिलेली मोकळीक काढून घेण्यात आली. शाळेच्या प्रवेशासाठी आधारची सक्ती नाही. आधार नाही म्हणून मुलाला कोणताही लाभ नाकारता येणार नाही. मुलाच्या नोंदणीस आईबापांची संमती हवी. आणि सज्ञान झाल्यावर त्याला योजनेतून बाहेर पडण्याची मुभा असावी, असेही सांगितले. ओळख पटविण्यात दोष आहेत म्हणून योजनाच मोडू नये, दोष दुरुस्त करावेत, असे चौघांचे मत पडले. पाचवे न्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी मात्र सर्व कायदाच घटनाबाह्य ठरविला. पाच विद्वान न्यायाधीशांतही मतभेद होऊ शकतो, हे वर्गाने लक्षात घ्यावे. म्हणजे आपल्याहून वेगळे मत असणारा मनुष्य मूर्ख किंवा देशद्रोही आहे, असे बोलण्याची घाई होणार नाही.

२०१९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन बँकेत व फोनसाठी स्वखुशीने आधार देण्याची वाट मोकळी झाली. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा स्वतंत्र कायदा संमत झाला. त्यात सरकारला ज्या सवलती आहेत त्यांवर वाद झाला आहे.

५. यरुशलेमेतील तक्रार

आता आजच्या उताऱ्याकडे वळू. पहिल्या मंडळीत रोज अन्नाची वाटणी होत असे. ग्रीक भाषा बोलणाऱ्यांनी तक्रार केली की, आमच्या विधवांची उपेक्षा होते. ह्या स्त्रिया त्याच शहरात राहत होत्या, त्याच मंडळीच्या होत्या. परंतु त्यांची भाषा वेगळी होती. परभाषी राज्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या लोकांना त्यांची अडचण समजावून सांगावी लागणार नाही.

प्रेषितांनी काय केले ते पाहा. बहुतेकांना मिळते ना, मग थोड्यांचे काय एवढे, असे ते म्हणाले नाहीत. तक्रार करणारे कुरकुरे आहेत, असेही म्हणाले नाहीत. वाटणीही त्यांनी बंद केली नाही. त्यांनी सर्वांना बोलाविले, सर्वांकडून सात माणसे निवडून घेतली आणि काम त्यांच्या हाती दिले. त्या सातांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची उपेक्षा झाली, त्यांची भाषा जाणणारे लोक वाटणीवर आले.

नहेम्याच्या उताऱ्यातही असाच एक प्रसंग आहे. बंदिवासातून परतलेल्या काही लोकांना आपल्या घराण्याची नोंद दाखविता आली नाही. अशा ६४२ जणांना माघारी धाडल्याचे तेथे लिहिलेले नाही. परत आलेल्यांच्या यादीतच त्यांची गणती आहे. ज्या याजकांची नोंद सापडली नाही त्यांना अधिपतीने थांबावयास सांगितले, पण योग्य याजक येऊन निर्णय देईपर्यंतच. नोंदवही हवीच, तथापि नोंद सापडली नाही तर पुढे काय, ह्याचे उत्तर कोणातरी माणसाने द्यावयास हवे.

ह्या दृष्टीने एक साधे गणित करू. आपल्या देशात सुमारे ८० कोटी लोकांना अन्नसुरक्षा कायद्याखाली धान्य मिळते. समजा शंभरात एकाचाच अंगठा जुळला नाही, तरी ८० लाख लोक होतात. आधार प्राधिकरणाने २४ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात, ठसा जुळला नाही म्हणून कोणाला धान्य नाकारू नये, दुसऱ्या मार्गाने ओळख पटवावी, असे कळविलेले आहे. म्हणजे कागदावर सोय आहे. दुकानापाशी उभ्या असलेल्या म्हातारीला ती कोण सांगणार?

६. अंकाची भीती

प्रकटीकरणाच्या १३ व्या अध्यायातील खूण ती हीच, असे काही विश्वासणाऱ्यांना वाटते. तो अध्याय भक्ती कोणाची करावी ह्याविषयी आहे. आधार नंबर घेताना कोणाची भक्ती करावी लागत नाही. म्हणून आम्ही तसा अर्थ लावीत नाही. परंतु अशा बंधुभगिनींची थट्टाही करू नये. खुणेवाचून घेणे-देणे बंद होईल, ही त्यांची धास्ती रेशन दुकानावरून रिकाम्या हाताने परतलेल्याला अगदी खरी वाटेल.

७. आपल्याला काय करता येईल

आपल्या मंडळीत एकटे राहणारे वृद्ध कोण, त्यांना रेशन व पेन्शन मिळते की नाही, ह्याची चौकशी दोन-तीन तरुणांकडे सोपवावी. ठसा जुळत नसल्यास त्यांच्याबरोबर दुकानात व नोंदणी केंद्रात जावे आणि खुणांची दुरुस्ती करून आणावी. संडेस्कूलच्या शिबिरासाठी मुलांच्या आधारच्या झेरॉक्स गोळा करू नयेत. नाव, वय व पालकांचा फोन पुरे. कोठे देणे भागच असेल तर शेवटचे चारच आकडे दिसतील अशी प्रत काढता येते. ओटीपी तर कोणालाही सांगू नये.

वर्ग कसा घ्यावा : वर्गाचे दोन गट करावेत. प्रत्येकाने आधी दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे मांडावे की त्या बाजूने 'होय, आमचे म्हणणे हेच' असे कबूल करावे. मगच आपले उत्तर द्यावे. पुढाऱ्यांची नावे घेऊ नयेत.

चर्चेसाठी प्रश्न

१. ग्रीक भाषिक विधवांची तक्रार प्रेषितांनी खोटी का ठरविली नाही?
२. खोटी नावे गाळणे आणि खरे लोक न गळणे, ह्या दोहोंत अधिक काळजी कशाची घ्यावी? का?
३. खाजगीपणाची गरज श्रीमंतालाच असते काय? गरिबाच्या आयुष्यातील उदाहरण द्या.
४. सरकारच्या ज्या योजनेला तुमचा पाठिंबा आहे तिच्यातील एक दोष, व जिला विरोध आहे तिच्यातील एक गुण सांगा.
५. आपल्या मंडळीत 'रोजच्या वाटणीत' कोण वगळले जात आहे? येत्या आठवड्यात त्यांच्या घरी कोण जाईल?