टॅब्लेट आणि स्वरलिपी

मुलांनो, उर्दूत शोशाखाली एक नुक्ता दिला की ‘बे’ होते, वर दिला की ‘नून’. पंडित भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या स्वरलिपीतही तसेच आहे. बिंदू खाली असला की स्वर मंद्र सप्तकातला; वर असला की तार सप्तकातला. वाशीच्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसणारी मुले ही लिपी शिकतात. हाताने ती सहज लिहिता येते. टॅब्लेटवरची बहुतेक स्वरलेखनाची सॉफ्टवेअर मात्र पाश्चात्त्य पाच रेघांसाठी बनलेली असतात. साधा मजकूर म्हणून लिहावे, तर ‘सा’वरचा बिंदू अनुस्वार वाटतो! आणि दरबारी कानड्यातला तो डुलणारा कोमल गंधार? टॅब्लेट तो सरळ, एका जागी उभा वाजवतो. खरे म्हणजे कागदावरही तो पुरता उतरत नाही. उस्तादांच्या गळ्यातूनच ऐकावा लागतो.