चंद्रकोरीची साक्ष

रमजान महिन्याची एकोणतिसावी सायंकाळ झालेली असते. सूर्य मावळतो, खजूर आणि पाणी घेऊन दिवसभराचा उपवास सुटतो, आणि गावोगावचे मुसलमान बांधव गच्चीवर, टेकडीवर किंवा समुद्रकाठी जाऊन पश्चिमेकडे टक लावून पाहू लागतात. आजोबांचे बोट धरून नातवंडेही येतात. क्षितिजाजवळच्या तांबूस उजेडात केसासारखी बारीक कोर दिसली, तर महिना एकोणतीस दिवसांत पुरा झाला आणि उद्या ईद. न दिसली, तर आणखी एक उपवास आणि ईद परवा. शिंप्याकडचे नवे कपडे, शीरखुर्म्याचे दूध, परगावाहून निघालेली मंडळी, या साऱ्यांचा निर्णय त्या घटका-दीड घटकेत आकाश करीत असते.

मुलांनो, भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दिवाळीचा दिवस वर्षभर आधी छापलेला असतो. ग्रहण कोणत्या मिनिटाला लागेल हेही तीत असते. मग ईदेचा दिवसच आदल्या रात्रीपर्यंत अनिश्चित का राहावा? हा प्रश्न मला वर्गात अनेक विद्यार्थ्यांनी विचारलेला आहे, आणि तो विचारण्याजोगाच आहे. ज्योतिर्विदांना चंद्राची गती ठाऊक नाही असे मुळीच नव्हे. या प्रश्नाचे उत्तर थोडे चंद्राच्या गतीत आहे, थोडे मनुष्याच्या डोळ्यांत आहे, आणि थोडे चौदाशे वर्षांपूर्वी अरबस्तानात केलेल्या एका निवडीत आहे.

प्रथम चंद्राकडे पाहू. तो पृथ्वीभोवती फिरताना ताऱ्यांमधून रोज सुमारे १३ अंश पूर्वेकडे सरकतो. सूर्यही त्याच दिशेने रोज सुमारे एक अंश सरकताना दिसतो. म्हणजे चंद्र सूर्याला रोज सुमारे १२ अंशांनी मागे टाकतो. हे बारा अंशांचे अंतर म्हणजेच आपल्या पंचांगातील एक तिथी होय. ज्या क्षणी सूर्य आणि चंद्र एका दिशेला येतात, त्या क्षणी अमावास्या संपते. त्या वेळी चंद्राची उजळलेली बाजू सूर्याकडे आणि काळोखी बाजू आपल्याकडे असते. तेथून पुढे चंद्र दर तासाला अर्धा अंश, म्हणजे जवळजवळ स्वतःच्या रुंदीइतका, सूर्यापासून दूर जाऊ लागतो आणि त्याची एक अगदी बारीक कड आपल्या बाजूने उजळते.

कोर जन्मली, पण ती जन्मताच दिसत नाही. एक तर तिचे तेज फार मंद असते. दुसरे असे की, ती सूर्याच्या पाठोपाठ मावळत असल्यामुळे संध्याप्रकाश पुरता विरण्यापूर्वीच क्षितिजाखाली जाते. फ्रेंच ज्योतिर्विद आंद्रे दाँजों यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे दाखवून दिले की, सूर्य आणि चंद्र यांच्यातील अंतर सुमारे सात अंशांहून कमी असेल, तर कोर डोळ्यांना दिसतच नाही. नुसत्या डोळ्यांनी सहज दिसण्यासाठी दहा-बारा अंश तरी लागतात. तेव्हा पंधरा तासांहून कोवळी कोर दिसणे जवळजवळ अशक्य, वीस तासांची दिसणे कठीण, आणि तीस तासांची, आभाळ स्वच्छ असल्यास, कोणालाही दिसेल. यात धूळ, धुके आणि ढग यांचा हिशेब वेगळाच. आपल्या कोकणात आषाढ-श्रावणात रमजान आला, तर पश्चिमेकडे पाहून काय दिसणार?

एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी २९ दिवस, १२ तास आणि ४४ मिनिटे लागतात. महिना काही साडेएकोणतीस दिवसांचा करता येत नाही. म्हणून तो कधी २९ दिवसांचा होतो, कधी ३० दिवसांचा. इस्लामने यासाठी अगदी सोपा नियम घालून दिला. एकोणतिसाव्या सायंकाळी कोर दिसली की नवा महिना सुरू. आभाळ झाकलेले असेल किंवा कोर दिसली नाही, तर तीस दिवस पुरे मोजावे आणि मग महिना बदलावा. वाळवंटातील मेंढपाळालाही हा नियम पाळता येतो. त्यासाठी पंचांग नको, गणिती नको, राजाज्ञाही नको.

आता त्या निवडीविषयी. असे बारा चांद्रमास मिळून सुमारे ३५४ दिवस होतात. ऋतूंचे वर्ष ३६५ दिवसांचे. दरवर्षी अकरा दिवसांची तूट पडते. आपल्या पूर्वजांनी ही तूट भरून काढण्यासाठी बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक मास घालण्याची रीत पाडली. म्हणून दिवाळी कधी पावसाळ्यात येत नाही. इस्लामपूर्व अरबांमध्येही तेरावा महिना घालण्याची चाल होती, असे पुष्कळ इतिहासकार मानतात. परंतु महिना केव्हा घालावा हे मोजक्या माणसांच्या हाती असे, आणि त्यामुळे ज्या महिन्यांत युद्ध निषिद्ध मानलेले होते ते मागेपुढे होत. कुराणाने ही चाल बंद केली आणि वर्षाचे महिने बाराच असे ठरवून दिले. पुढे दुसरे खलिफा उमर यांच्या कारकिर्दीत, इ. स. ६३८ च्या सुमारास, वर्षे मोजण्याची पद्धत ठरली. असे सांगतात की, बसरा येथील अधिकाऱ्याने तक्रार केली, ‘आपल्या पत्रांवर महिना असतो, पण साल नसते, हा शाबान यंदाचा की गतवर्षीचा?’ तेव्हा विचारविनिमय होऊन, पैगंबर मक्केहून मदिनेस गेले ते इ. स. ६२२ हे साल पहिले मानण्यात आले. या स्थलांतरास ‘हिजरत’ म्हणतात. म्हणून तो हिजरी सन.

तूट न भरल्याचा परिणाम काय झाला? इस्लामी महिने ऋतूंमधून मागे मागे सरकत जातात आणि सुमारे तेहतीस वर्षांत एक फेरा पुरा करतात. २०१६ साली आपल्याकडे रमजान जूनमध्ये लागला; २०२४ साली तो मार्चमध्ये लागला. २००४ साली रमजान ईद दिवाळीच्या दिवसांत आली होती. २०३० साली तर एकाच इंग्रजी वर्षात रमजान दोनदा लागेल, एकदा जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरात. गंमत अशी की, ‘रमजान’ या नावाचा मूळ संबंध कडक उन्हाच्या तापाशी आहे. पण हा तापाचा महिना थंडीतही येतो. माझ्या मते यात एक न्यायही आहे. उन्हाळ्याचा दीर्घ उपवास कोणा एकाच देशाच्या वाट्याला कायमचा येत नाही.

मात्र शेतकऱ्याला हे वर्ष सोयीचे नाही. पीक सूर्याच्या गतीने येते; मग सारा चंद्राच्या गतीने कसा मागावा? या अडचणीतून दक्षिणेत शुहूर सन निघाला. त्याचे आकडे हिजरीवरून घेतलेले, पण वर्ष सुरू होई ते सूर्य मृग नक्षत्रात शिरला की. म्हणून त्यास मृगसालही म्हणत. मराठी राज्यातील कागदपत्रांत हा सन सर्रास आढळतो. ‘खमस सबैन मया व अलफ’ असे शब्द मोडी पत्रावर दिसले, तर ते अरबी आकडे आहेत असे समजावे: पाच, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे ११७५. त्यात ५९९ मिळवले की इ. स. १७७४ हे साल येते. (जानेवारीपासून मृगापर्यंतच्या दिवसांसाठी ६०० मिळवावे लागतात.) त्याच पत्रात ‘छ’ हे अक्षर, त्यापुढे अंक आणि पुढे ‘रमजान’ किंवा ‘जिल्हेज’ असेही लिहिलेले असते. तो चांद्रमासाचा दिवस होय. साल सूर्याचे आणि तारीख चंद्राची, असा दोघांचाही मान पेशव्यांच्या दफ्तराने राखलेला आहे.

कोर दिसेल की नाही हे आधी सांगता येईल काय, हा प्रश्न अरब विद्वानांना साहजिकच पडला, आणि त्याच्या उत्तरात आपल्या देशाचा वाटा आहे. आठव्या शतकाच्या उत्तरार्धात खलिफा मन्सूर यांच्या बगदादला भारतातून एक ज्योतिषी गेला. त्याच्याबरोबर ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतील सिद्धांतग्रंथ तेथे पोहोचला आणि त्याचे अरबीत रूपांतर झाले. सूर्य आणि चंद्र यांच्या मावळण्यात बारा अंशांचे, म्हणजे ४८ मिनिटांचे, अंतर असेल तर चंद्र दिसतो, असा नियम भारतीय सिद्धांतांत होता. नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिज्मी यांनी याच नियमाच्या आधारे चंद्रदर्शनाचे कोष्टक तयार केले. संगणकाच्या भाषेतील ‘अल्गोरिदम’ हा शब्द याच गणितज्ञाच्या नावावरून आलेला आहे. पुढे अल-बत्तानी आदी ज्योतिर्विदांनी या विषयात आणखी बारकाई आणली.

तरीही धर्माचा निर्णय गणितावर न सोडता साक्षीवर ठेवण्यात आला. ज्याने कोर पाहिली त्याने काझीपुढे येऊन तसे सांगावे. काझीने विचारपूस करावी: केव्हा पाहिली, सूर्य मावळला त्या जागेच्या कोणत्या बाजूस, कोरीची टोके कोणीकडे होती? डोळ्यांना भास होतो हे त्या काळीही लोक जाणून होते. बसऱ्याचे काझी इयास हे चातुर्याविषयी प्रसिद्ध होते. त्यांची एक कथा सांगतात. एकदा पुष्कळ लोक चंद्र पाहण्यासाठी जमले होते. त्यांत पैगंबरांचे वृद्ध सहकारी अनस हेही होते. त्यांचे वय शंभरीला टेकलेले. कोणालाच काही दिसेना. इतक्यात अनस बोट दाखवून म्हणाले, ‘तो पाहा चंद्र!’ सर्वांनी डोळे ताणले, पण व्यर्थ. एवढ्या थोर पुरुषाला खोटे कसे म्हणावे? आणि न दिसलेला चंद्र दिसला असे तरी कसे म्हणावे? इयास यांनी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. भुवईचा एक पांढरा केस वाकून डोळ्यापुढे आला होता. त्यांनी हलक्या हाताने तो केस बाजूला सारला आणि नम्रपणे विचारले, ‘आता पाहा, चंद्र कोठे आहे?’ अनस काही वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ‘आता दिसत नाही.’

या कथेत इयास यांची बुद्धी तर दिसतेच. पण मला त्यांचा हलका हात अधिक आवडतो. चौदाव्या शतकात सुब्की नावाच्या धर्मशास्त्रज्ञाने हाच विचार गणिताला लावला. चंद्र दिसणे अशक्य आहे असे गणिताने निश्चित ठरत असेल, तर पाहिल्याची साक्ष मान्य करू नये, असे त्यांचे मत होते. सर्वांनाच ते पटले असे नाही. आजही याविषयी मतभेद आहेत. तुर्कस्तानात गणितावरून तारखा ठरतात. आपल्या मुंबईत मोठ्या संख्येने राहणारे दाऊदी बोहरा लोक इजिप्तच्या फातिमी खलिफांच्या परंपरेतील गणिती पंचांग पाळतात. त्यात तीस वर्षांपैकी अकरा वर्षे ३५५ दिवसांची आणि उरलेली ३५४ दिवसांची असतात. म्हणून त्यांची ईद पुष्कळदा इतरांच्या आधी येते. इतर बहुतेक भारतीय मुसलमान चंद्रदर्शनाची साक्ष मानतात.

या साऱ्याचे एक अलीकडचे उदाहरण घेऊ. ८ एप्रिल २०२४ रोजी मेक्सिको, अमेरिका आणि कॅनडा या देशांत खग्रास सूर्यग्रहण झाले. सूर्यग्रहण अमावास्येलाच होते. तेव्हा त्या दिवशी लक्षावधी लोकांना प्रत्यक्ष अमावास्याच डोळ्यांनी दिसली म्हणाना! अमावास्या संपली तेव्हा भारतात मध्यरात्रीला नऊ मिनिटे कमी होती. मक्केत त्या सायंकाळी सूर्य मावळला, तेव्हा अमावास्या संपायला अजून पावणेतीन तास अवकाश होता. म्हणजे तेथे नवी कोर जन्मलीच नव्हती. ती दिसावी कशी? सौदी अरेबियात रमजानचे तीस दिवस पुरे करून १० एप्रिलला ईद झाली.

आपल्याकडे रमजान एक दिवस उशिरा लागला होता, त्यामुळे एकोणतिसावी सायंकाळ आली ती ९ एप्रिलला. आणि तो दिवस होता गुढीपाडव्याचा. सकाळी ज्या गच्च्यांवर गुढ्या उभारल्या गेल्या, त्यांच्या शेजारच्या गच्च्यांवर सायंकाळी लोक चंद्र शोधू लागले. मुंबईत सूर्य मावळला, तेव्हा कोरीचे वय होते सुमारे एकोणीस तास आणि तिचे सूर्यापासूनचे अंतर सुमारे अकरा अंश. ही अगदी काठावरची स्थिती. केरळात चंद्र दिसल्याची साक्ष मान्य होऊन १० एप्रिलला ईद साजरी झाली. मुंबई, दिल्ली इत्यादी ठिकाणी तशी साक्ष मिळाली नाही. तेथे ईद झाली ११ एप्रिलला. चंद्र एकच, अमावास्या एकच, देशही एकच, आणि तरी ईदेचे दोन दिवस! यात कोणाचे गणित चुकले नाही. ‘चंद्र कोठे आहे?’ हा एक प्रश्न आहे. ‘चंद्र कोणी पाहिला?’ हा दुसरा. पहिल्याचे उत्तर वेधशाळा सेकंदापर्यंत देते. दुसऱ्याचे उत्तर प्रत्येक गावाला आपापल्या आकाशाखाली उभे राहून मिळवावे लागते. ‘गणित असता डोळे कशाला शिणवावे?’ असे कोणी म्हणतात. त्यांनी हे दोन प्रश्न एक समजण्याची घाई केलेली असते.

हे अनुभवण्यासाठी रमजानची वाट पाहावयास नको. कोर दर महिन्याला येते. पंचांगात अमावास्या कोणत्या दिवशी आणि किती वाजता संपते ते पाहून ठेवा. ‘चंद्रदर्शन’ असेही पुष्कळ पंचांगांत लिहिलेले असते. पण ते वाचण्यापूर्वी स्वतः तर्क करा. दुसऱ्या दिवशी सायंकाळी जेथून पश्चिमेचे क्षितिज मोकळे दिसते अशी जागा गाठा. सूर्य पुरता मावळल्याखेरीज त्या दिशेस टक लावून पाहू नका, दुर्बिणीतून तर मुळीच नको. त्याने डोळ्यांना कायमची इजा होते. सूर्य मावळला ती जागा एखाद्या झाडाच्या किंवा घराच्या खुणेने ध्यानात ठेवा आणि साधारण वीस मिनिटांनी तिच्या वरच्या बाजूस शोधू लागा. फाल्गुन-चैत्रात कोर होडीसारखी आडवी तरंगताना दिसेल. भाद्रपद-आश्विनात ती कललेली असेल. कोर दिसली, तर दिसल्याची वेळ, सूर्य मावळल्याच्या जागेपासूनची दिशा आणि टोके कोणीकडे होती हे वहीत लिहून ठेवा. न दिसली, तर तेही लिहा, आणि दुसऱ्या सायंकाळी पुन्हा त्याच जागी जा.