मेकॅनिकच्या खिशातला चाकू

वरणगाव हे जळगाव जिल्ह्यातले, भुसावळजवळचे गाव. धुळ्याहून नागपूरकडे जाणारा हमरस्ता इथूनच जातो. भोवतालच्या शेतांत विहिरींवर पंप, रस्त्यावर मालमोटारी आणि ट्रॅक्टर. मग दुरुस्तीची दुकाने असणारच! अशा दुकानातला एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा.

दुकानात नव्याने काम शिकणारा एक मुलगा आहे. त्याने आठवडे बाजारातून चकचकीत घडीचा चाकू घेतला. रेडिएटरची जुनी रबरी नळी तोंडाला घट्ट चिकटली होती. ती उभी चिरायची म्हणून त्याने पात्याचे टोक नळीत खुपसले. टोक अडकले, पाते मिटले आणि तर्जनी आत सापडली. मिस्त्रींनी बोटाला पट्टी बांधली आणि म्हणाले, "पोरा, चाकू घेताना चकाकी पाहिलीस, सांधा नाही पाहिलास."

मुलांनो, मिस्त्रींच्या या वाक्यात बरेच विज्ञान आहे. ते आपण समजून घेऊ.

पाते का मिटले?

साध्या घडीच्या चाकूत पाते उघडे राहते ते फक्त पाठीमागच्या पोलादी पट्टीच्या दाबामुळे. आता तरफेचा नियम आठवा. समजा, पात्याचे टोक खिळीपासून ७ सें.मी. दूर आहे आणि पट्टीचा दाब खिळीपासून अर्ध्या सें.मी.वर पडतो. टोकावर मिटण्याच्या दिशेने १ किलोग्रॅम भाराइतके बल आले, तर ते पेलायला पट्टीला ७ ÷ ०.५ = १४ किलोग्रॅम भाराइतका जोर लावावा लागेल. पट्टी हरली की पाते मिटते.

म्हणून कामाच्या चाकूला लॉक हवे, म्हणजे उघडलेले पाते अडवून धरणारी पट्टी किंवा कडी. फ्रान्समधील प्रसिद्ध ओपिनेल चाकूला १९५५ साली अशी फिरणारी कडी बसवण्यात आली. घेताना पाते उघडून ते बाजूंना हलते का, ते पाहा. नवाच चाकू सांध्यात डुगडुगत असेल, तर तो घेऊ नये.

धार म्हणजे काय?

चाकू कापतो तो दाबामुळे. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. समजा, धारेची जाडी मिलिमीटरचा शंभरावा भाग आहे आणि तिचा १ सें.मी. भाग रबराला टेकला आहे. क्षेत्रफळ झाले ०.००१ चौ. सें.मी. हाताने २ किलोग्रॅम भाराइतका जोर दिला, तर दाब होतो दर चौ. सें.मी.ला २,००० किलोग्रॅम! तीच धार बोथट होऊन दहापट जाड झाली, तर दाब उरतो २००. मग आपण जोर वाढवतो, हात निसटतो आणि जखम होते. बोथट चाकू अधिक धोक्याचा, तो असा.

मग धार जितकी पातळ तितकी चांगली का? तसे नाही. फार पातळ धार तारेवर, पत्र्यावर लगेच दुमडते. दाढीचे पाते गॅस्केट कापायला टिकणार नाही. मेकॅनिकच्या कामाला दोन्ही बाजूंनी सुमारे २० अंशांची धार बरी. हा कोन मोजायचा कसा? पाते १८ मि.मी. रुंद असेल, तर १८ × ज्या २०° = १८ × ०.३४२, म्हणजे सुमारे ६ मि.मी. पात्याची पाठ दगडापासून तेवढी उचलून धरली की कोन बरोबर साधतो.

पोलादाचे पाणी

लोखंडात थोडा कार्बन मिसळला की पोलाद होते. साध्या सळईत तो सुमारे ०.२ टक्के असतो. चाकूच्या साध्या पोलादात ०.६ ते १ टक्का. हे पोलाद सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत लाल तापवून तेलात किंवा पाण्यात झटकन बुडवले की फार कठीण होते. यालाच लोहार 'पाणी देणे' म्हणतात. तापलेल्या लोखंडात विरघळलेल्या कार्बनला एकाएकी थंड झाल्यावर बाहेर पडायला वेळ मिळत नाही. तो आतच अडकतो व स्फटिकांची रचना ताणून धरतो.

पण असे पोलाद काचेसारखे ठिसूळ असते. म्हणून ते पुन्हा सुमारे २०० अंशांपर्यंत तापवतात. कठीणपणा थोडा कमी होतो, चिवटपणा वाढतो. तापमान वाढत गेले, की घासलेल्या पृष्ठभागावर रंग उमटतात: २२० अंशांच्या आसपास फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि ३०० च्या सुमारास निळा. धार लावताना यंत्राच्या कोरड्या चाकावर पाते निळे पडले, तर समजा त्या जागेचे पाणी उतरले. ती धार पुन्हा टिकणार नाही. म्हणून पाते पाण्यात वारंवार बुडवावे. हाताने दगडावर घासणे सर्वांत उत्तम.

एक गंमत पाहा. वरणगावला काडतुसांचा सरकारी कारखाना आहे. काडतुसाचे कवच पितळेचे असते. पितळ दाबून-ओढून कठीण होते आणि तापवले की मऊ होते. लाल तापवून पाण्यात बुडवले, तरी ते पोलादासारखे कठीण होत नाही. प्रत्येक धातूचा स्वभाव निराळा!

गंजणारे की न गंजणारे?

१९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी सुमारे १३ टक्के क्रोमियमचे पोलाद तयार केले. क्रोमियम हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून अतिशय पातळ थर बनवते व तो आतल्या लोखंडाला जपतो. घाम, पावसाळी हवा यांच्याशी रोज गाठ असेल, तर स्टेनलेस पाते सोयीचे. साधे कार्बन पोलाद दगडावर लवकर धार घेते, पण काम झाल्यावर पुसून तेलाचे बोट फिरवावे लागते. आळशी माणसाने ते घेऊ नये!

चाकूने काय करू नये?

पाते कापण्यासाठी कठीण केलेले असते, पिळण्यासाठी नाही. त्याने स्क्रू फिरवला किंवा झाकण उचकटले, तर ते तुटून तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. त्याला पेचकस आहे. तारेचे आवरण काढताना पाते आडवे फिरवू नका. पेन्सिल तासतो तसे तिरपे धरा. तांब्यावर खाच पडली, की तार वाकताना ताण तिथेच एकवटतो आणि ती तिथेच तुटते. विजेचा प्रवाह बंद केल्याशिवाय तारेला हात लावू नका. चाकूची प्लॅस्टिकची मूठ हे काही संरक्षण नव्हे. आणि कापताना पाते नेहमी अंगापासून दूर जाऊ द्या.

तर निवड करताना क्रम असा: आधी लॉक आणि सांधा, मग ग्रीसच्या हातातून न निसटणारी खरबरीत मूठ, मग ७–८ सें.मी.चे पाते, मग पोलाद. चकाकी सर्वांत शेवटी.

करून पाहा

घरातल्या मोठ्या माणसांना सोबत घेऊन स्वयंपाकघरातल्या दोन सुऱ्यांनी, एक धारदार व एक बोथट, पिकलेला टोमॅटो कापा. कोणती सुरी साल दाबते आणि कोणती लगेच चिरते? या फरकाचे कारण दाबाच्या सूत्राने आपल्या वहीत लिहा. आणि आणखी एक प्रश्न: २४ मि.मी. रुंद पात्याला २० अंशांची धार लावायची, तर पाठ दगडापासून किती उचलावी लागेल?