पटकीच्या जिवाणूंची उग्रता : नाव एक, बल अनेक

वर्षाऋतूत अतिसाराचे रुग्ण वाढू लागले की वैद्य व औषधविक्रेते यांच्यापुढे प्रश्न उभा राहतो : हा नेहमीचा अतिसार की पटकी? जंतूचे नाव कळले म्हणजे रोगाचे बल कळले, हा समज अपुरा आहे. एकाच नावाची वनस्पती जांगल व आनूप देशांत सारख्या वीर्याची नसते, हे आपण जाणतोच. त्याचप्रमाणे एकाच जातीच्या जिवाणूंतही अनेक प्रभेद असतात व त्यांची उग्रता, म्हणजे रोगोत्पादक शक्ती, भिन्न असते.

पटकीच्या जिवाणूचे दोनशेहून अधिक गट ज्ञात आहेत; परंतु मोठ्या साथी ओ-१ व ओ-१३९ या दोनच गटांनी पसरविल्या. पैकी ओ-१३९ हा १९९२ मध्ये मद्रास येथे प्रथम दिसला. शरीरातील जल व क्षार आतड्यात खेचून बाहेर टाकणारे विष हे या उग्रतेचे मुख्य कारण होय. कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशाच्या आतड्यावरील प्रयोगाने ते दाखविले. या विषाचे जनुक जिवाणूला एका विषाणूकडून प्राप्त होते, हे १९९६ मध्ये सिद्ध झाले.

उग्रता स्थिरही नसते. मुंबईत १८९७ मध्ये प्लेगची लस सिद्ध करणारे हाफकिन यांनी तत्पूर्वी पॅरिस येथे पटकीचे जंतू एका गिनिपिगमधून दुसऱ्यात असे क्रमाने नेऊन त्यांची उग्रता वाढविली. उष्णता व हवेच्या योगाने ती घटविलीही.

ओ-१ गटाचे क्लासिकल व एल टॉर असे दोन प्रकार आहेत. १९६१ मध्ये इंडोनेशियात सुरू झालेली जागतिक साथ एल टॉरची. क्लासिकलच्या तुलनेत याचा संसर्ग बहुधा सौम्य असतो. पुष्कळांना लक्षणेच नसतात. मात्र त्यांच्या मलातून जंतू बाहेर पडत राहतात व पाण्यात अधिक काळ टिकतात. खरी मेख येथेच आहे : व्यक्तीला सौम्य वाटणारा प्रभेद गावाला घातक ठरू शकतो. शिवाय क्लासिकलचे विष धारण करणारे एल टॉरचे नवे प्रभेदही पुढे आढळले आहेत.

जुलै २०२२ मध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी व कोयलारी येथे दूषित विहिरीच्या पाण्याने पटकी उद्भवली व रुग्ण दगावले. आमचा ढाणकी परिसर पैनगंगेच्या खोऱ्यातील. पावसाळ्यात विहिरीत गढूळ पाणी उतरणे येथेही नवे नाही. म्हणून एकाच वस्तीतील दोन-तीन साधे अतिसारही आम्ही उपेक्षणीय मानीत नाही.

तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, खोल गेलेले डोळे, क्षीण नाडी, मूत्राचा अभाव ही लक्षणे दिसताच रुग्णास शिरेतून द्रव देण्याची सोय असलेल्या रुग्णालयात त्वरित पाठवावे व प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. वाटेतही जलसंजीवनी चालू ठेवावी. तीव्र पटकीत उपचाराअभावी निम्मे रुग्ण दगावू शकतात; वेळीच जल व क्षार भरून काढल्यास हे प्रमाण शेकडा एकाहून कमी होते.

आमावस्थेत स्तंभन करू नये, हा शास्त्राचा दंडक येथे विशेष स्मरावा. अहिफेनयुक्त कर्पूररस किंवा लोपेरामाइड देऊन जुलाब थांबल्यासारखे दिसतात, पण जल आतड्यातच साचते व धोका झाकला जातो. औषधविक्रेत्यांनी अशी औषधे मागणाऱ्यास परस्पर न देता आधी जलसंजीवनीची पाकिटे द्यावीत व एक पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात कसे मिसळावे, हे समजावून सांगावे.

प्रभेद कोणता, हे प्रयोगशाळा सांगेल. तोवर रुग्ण थांबू शकत नाही. चरकाचार्यांनी जनपदोद्ध्वंसाच्या कारणांत वायू, देश व काल यांच्यासह उदकही गणले आहे. तेव्हा प्रत्येक अतिसारी रुग्णास ‘पाणी कोठले पिता?’ हा प्रश्न अवश्य विचारावा आणि उत्तर नोंदवहीत लिहावे. एकाच विहिरीचे नाव दुसऱ्यांदा आले की सावध व्हावे.