नगरचित्र कोणाच्या अभिमानाचे?

प्रश्न : गोव्यात एका ठिकाणी जुन्या गोवा शहराचे सोळाव्या शतकातले छापील चित्र भिंतीवर पाहिले. आकाशातून पाहावे तसे शहर दिसत होते. ते कितपत खरे मानायचे? आणि आपल्या जुन्नरचे असे चित्र का नाही? तेव्हा जुन्नर काही लहान गाव नव्हते! — एक वाचक, घोडेगाव (ता. आंबेगाव)

उत्तर : असे चित्र म्हणजे त्या काळचा फोटोच, असे अनेकांना वाटते. तसे नाही. तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरायच्या, त्यांत शाई भरायची आणि कागदावर दाबून ठसा घ्यायचा, अशी ही चित्रे छापली जात. कोरणाऱ्याने ते शहर पाहिलेले असेलच असे नाही. दुसऱ्यांनी काढलेली रेखाटने आणि नकाशे जुळवून तो उंचावरचा देखावा रचत असे.

या प्रकारातला सर्वांत गाजलेला संग्रह जर्मनीतल्या कोलोनचा. गेऑर्ग ब्राउन संपादक, फ्रान्स होगेनबर्ग कोरणारा. 1572 ते 1617 या काळात त्याचे सहा खंड निघाले आणि त्यांत पाचशेहून अधिक चित्रे आली. ज्यांचे गाव राहिले असेल त्यांनी चित्र पाठवावे, असे आवाहनही ब्राउनने केले होते. मग काय, लग्नाच्या फोटोला उभे राहावे तशी शहरे नटून आली. मनोरे उंच झाले, तट अभंग दिसू लागले. या अतिशयोक्तीला लबाडी म्हणू नये. आपल्या गावाने जगात कसे दिसावे, ही नागरिकांची इच्छा त्यात उमटली आहे आणि इतिहासाला तीही हवी असते.

गोव्याचे मात्र वेगळे. पहिल्या खंडात दीव आणि मोरोक्कोच्या किनाऱ्यावरची दोन शहरे यांच्यासोबत एकाच पानावर गोवा आहे. त्यावरची लॅटिन ओळ सांगते, की भारतातले हे अत्यंत बळकट शहर 1509 मध्ये ख्रिस्ती सत्तेखाली आले. प्रत्यक्षात पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने ते घेतले 1510 मध्ये. चित्र किती दुरून तयार झाले, हे त्या एका वर्षाच्या चुकीवरून कळते. आणि त्यातला अभिमान गोवेकरांचा नाही, जिंकणाऱ्यांचा आहे. त्यामानाने 1596 मध्ये ॲमस्टरडॅमला छापलेल्या, डच प्रवासी लिन्स्खोटेनच्या पुस्तकातला गोव्याचा नकाशा अधिक भरवशाचा, कारण लिन्स्खोटेन गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी राहिलेला होता.

आता जुन्नर. युरोपी प्रकाशकांच्या हाती प्रामुख्याने आपल्या किनाऱ्यावरची, जहाजे लागणारी शहरे येत. जुन्नर नाणेघाटाच्या वर, घाटमाथ्यापलीकडे. त्यामुळे चित्र नाही म्हणजे शहर क्षुल्लक, हा निष्कर्ष चुकीचा. जुन्नरकरांनी आपले नाव कागदाच्या कितीतरी आधी कातळावर कोरले होते. भोवतालच्या लेण्यांतल्या सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या एका लेखात धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या एका लेखात धर्मकार्यासाठीची ठेव बुरूड आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवल्याचे म्हटले आहे. गावातल्या माणसांनी स्वतः सांगितलेला हा मोठेपणा मला त्या गोव्याच्या चित्रापेक्षा अधिक अस्सल वाटतो.

पुन्हा असे चित्र दिसले, तर आधी त्यावरची ओळ वाचा, ते कोणी कोणासाठी छापले ते विचारा आणि मगच इमारती मोजा.