इतिहासनगरीच्या परिसरातील कुटी-निवास : शिरूर व दौंड तालुक्यांचा अभ्यास

पुणे शहर पाहावयास येणाऱ्या प्रवाशाचा दिवस साधारणतः ठरलेला असतो. १७३० साली पायाभरणी झालेला आणि १८२८ च्या आगीत आतील महाल गमावलेला शनिवारवाडा, पुनर्रचित लाल महाल, कसबा गणपती, पर्वती एवढे पाहून होते तोच संध्याकाळ होते. रात्रीच्या मुक्कामासाठी तो शहराच्या गर्दीतच एखादी खोली शोधतो आणि दुसऱ्या दिवशी परत फिरतो. ज्या प्रदेशाने या शहराला धान्य, मनुष्यबळ आणि इतिहास पुरविला, तो पूर्वेकडील भीमा-घोडचा प्रदेश त्याच्या नजरेस पडतच नाही. हा प्रवासी एक-दोन रात्री शिरूर किंवा दौंड तालुक्यातील एखाद्या शेतावर, लहानशा कुटीत राहू शकला, तर त्याला पुण्याचा इतिहास अधिक कळेल आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती दोन पैसे येतील. मात्र ही योजना उत्साहाच्या भरात आखली, तर गावाचे पाणी, गावाची शांतता आणि प्रसंगी पाहुण्यांचे प्राणही धोक्यात येतात. म्हणून तिचा पद्धतशीर विचार करणे अगत्याचे आहे.

कल्पनेची पूर्वपीठिका

लहान, साध्या निवासाची कल्पना या भागाला नवी नाही. सोलापूर रस्त्यावरील उरुळी कांचन येथे महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९४६ साली निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. मोकळी हवा, साधा आहार आणि साधे राहणे हेच तेथील उपचाराचे मुख्य अंग होय. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रमाची स्थापना केली. लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोण जोडून उभारावयाचे घुमटाकार घर तेथे ग्रामीण तरुणांनी स्वतःच्या हातांनी बांधले आणि ते 'पाबळ डोम' या नावाने ओळखले जाऊ लागले. अमेरिकन अभिकल्पक बकमिन्स्टर फुलर यांना अशा घुमटाचे पेटंट १९५४ मध्ये मिळाले होते. ती कल्पना पाबळच्या माळावर उतरली, ती कमी साहित्यात आणि स्थानिक कारागिरीने मजबूत निवारा देते म्हणून. पुढे २०२० साली राज्य शासनाने कृषि पर्यटन धोरण स्वीकारले आणि शेतावरील निवासाला शासकीय मान्यतेची चौकट लाभली. शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली या गावाने तर चिंचेची झाडे आणि मोर यांच्या बळावर कृषि पर्यटनात नाव मिळविले आहे.

परिसराचा पाठ : दोन मार्ग

मुक्कामाची आखणी करताना पुण्याहून पूर्वेकडे जाणारे दोन मार्ग निरनिराळे समजून घ्यावेत.

पहिला मार्ग नगर रस्त्याचा. शहराबाहेर पडतानाच येरवड्याजवळ आगाखान पॅलेस लागतो. १९४२ ते १९४४ या काळात महात्मा गांधी येथे स्थानबद्ध होते आणि कस्तुरबांचे देहावसान २२ फेब्रुवारी १९४४ रोजी येथेच झाले. पुढे भीमेच्या काठी कोरेगाव. १ जानेवारी १८१८ च्या लढाईसाठी कंपनीची तुकडी आदल्या रात्री शिरूरच्या छावणीतूनच निघाली होती. पेरणे येथील जयस्तंभास अभिवादन करण्यासाठी दरवर्षी १ जानेवारीला लाखो अनुयायी येतात. कोरेगावपासून जवळच वढू बुद्रुक येथे छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे. महाराजांना ११ मार्च १६८९ रोजी वीरमरण आले. रांजणगावचा महागणपती याच रस्त्यावर, तर मस्तानीची कबर पाबळ येथे आहे. तालुक्याच्या उत्तर टोकाला टाकळी हाजी आणि पारनेर तालुक्यातील निघोज यांच्या दरम्यान कुकडी नदीने खडकात कोरलेले रांजणखळगे भूगोलाच्या शिक्षकाला अर्धा दिवस पुरतील.

दुसरा मार्ग सोलापूर रस्त्याचा आणि लोहमार्गाचा. पुणे ते दौंड हे लोहमार्गाने सुमारे ७५ किलोमीटर अंतर आहे. यवत, केडगाव, पाटस ही स्थानके वाटेत येतात. शिरूरला रेल्वे नाही. म्हणून शाळांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या सहलींना दौंडचा मार्ग सोयीचा पडतो. यवतजवळ डोंगरावर, पुरंदर तालुक्याच्या हद्दीत, भुलेश्वराचे यादवकालीन मंदिर आहे. केडगाव येथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. १८९६-९७ च्या दुष्काळातील निराधार मुलींना त्यांनी येथे आश्रय दिला, ही गोष्ट दुष्काळी मुलखात मुक्कामाला आलेल्या प्रत्येकाने ऐकावी अशी आहे. भीमेपलीकडे कर्जत तालुक्यात सिद्धटेकचा सिद्धिविनायक, तर श्रीगोंदे तालुक्यात पेडगावचा बहादूरगड आहे. ही दोन्ही स्थळे अहिल्यानगर जिल्ह्यात असली, तरी त्यांना पोहोचण्याचे स्वाभाविक ठाणे दौंड हेच होय.

या यादीवरून एक गोष्ट ध्यानी येते. शनिवारवाडा पाहून वढूला जाणारा आणि रात्री त्याच मातीवर राहणारा विद्यार्थी इतिहासाचे दोन सुटे धडे एका सूत्रात ओवतो. कुटी-निवासाचे शैक्षणिक मोल यातच आहे.

पाण्याचा हिशेब प्रथम

हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. कालव्याखालील भागात ऊस डोलतो, तर त्याच तालुक्यातील पाबळ-केंदूरसारख्या गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. म्हणून कुटी किती बांधावयाच्या, हे जागेवरून न ठरविता पाण्यावरून ठरवावे.

उदाहरणादाखल चार कुटी घेऊ. प्रत्येकीत तीन याप्रमाणे बारा पाहुणे होतात. ग्रामीण पाणीपुरवठ्यासाठी जल जीवन मिशनने दरडोई दररोज ५५ लिटरचे प्रमाण धरले आहे. शहरी पाहुण्यासाठी १०० लिटर धरले, तर १,२०० लिटर आणि स्वयंपाक-सफाईचे ३०० मिळून दिवसाला १,५०० लिटर पाणी लागेल. आठवड्यातून दोनच दिवस पाहुणे आले, तरी मार्च ते मे या तेरा आठवड्यांत ३९,००० लिटरची गरज निर्माण होते. दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर हे जवळजवळ चार टँकर झाले. ज्या गावात बायाबापड्या घागरी घेऊन रांगेत उभ्या आहेत, तेथे पाहुण्यांसाठी चार टँकर रिते करणे न्यायाचे होणार नाही आणि गावही ते सहन करणार नाही.

आता दुसरी बाजू पाहू. प्रत्येक कुटीचे छप्पर २५ चौरस मीटर धरले, तर चार छपरांचे १०० चौरस मीटर होतात. त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर पाणी मिळते. हलक्या वर्षात ४०० मिलिमीटर पाऊस धरला, तर ४०,००० लिटर. गळती व बाष्पीभवनाचा पाचवा हिस्सा वजा जाता ३२,००० लिटर उरतात. चार मीटर लांब, चार मीटर रुंद व दोन मीटर खोल अशा झाकलेल्या हौदात हे सारे पाणी मावते. म्हणजे ज्या कुटीला पन्हळ आणि हौद आहे, ती उन्हाळ्यातील आपली बहुतांश गरज स्वतःच भागवू शकते. जेथे हौद नाही, तेथे मार्च ते मे हे तीन महिने पाहुणे न घेणे हाच प्रामाणिक मार्ग होय. तसेही मोर पाहावयाचे तर पावसाळा आणि हुरडा खावयाचा तर हिवाळा हाच खरा हंगाम.

बांधणी आणि स्वच्छता

कुटी म्हणजे लहान बंगला नव्हे. दगडी जोते, मातीच्या किंवा विटांच्या भिंती, उतरते छप्पर आणि समोर ओटा एवढे पुरे. नुसत्या पत्र्याची खोली चैत्र-वैशाखात भट्टीसारखी तापते. पत्रा घालावयाचा झाल्यास त्याखाली बांबूचे किंवा तरटाचे आच्छादन द्यावे. दारे-खिडक्या पूर्व-पश्चिम वाऱ्याच्या वाटेत ठेवाव्यात. प्रत्येक दोन कुटींमागे एक तरी दोन खड्ड्यांचे शौचालय असावे आणि ते विहिरीपासून किमान १५ मीटर दूर, उताराच्या खालच्या अंगाला असावे. स्नानाचे पाणी परसबागेतील केळी-आळूला वळवावे. कचरा ओढ्यात गेला की तो भीमेत जातो आणि पुढे उजनीच्या जलाशयात साचतो, याचे भान पाहुण्यांना पहिल्याच संध्याकाळी करून द्यावे.

सुरक्षिततेचा प्रश्न

शिरूरच्या उत्तर भागातील उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा कायम वावर आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत बालकेही होती. जेथे गावकरी अंधार पडल्यावर मुलांना अंगणात सोडीत नाहीत, तेथे पाहुण्यांना चांदण्यात फिरावयास नेणे हा अक्षम्य अपराध ठरेल. कुटी उसाच्या फडाला लागून बांधू नये. सभोवती मोकळी जागा, भक्कम कुंपण आणि दिवे असावेत. शौचालय कुटीला जोडून असावे किंवा त्याची वाट उजेडाची व बंदिस्त असावी. उष्टे-खरकटे उघड्यावर टाकू नये, कारण त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. वन विभागाचा १९२६ हा मदत क्रमांक प्रत्येक कुटीच्या दारामागे लिहिलेला असावा. ज्या गावात नुकतीच अशी घटना घडली असेल, तेथे वन विभागाचा सल्ला मिळेपर्यंत मुक्काम बंद ठेवावेत.

नदीविषयीही तीच दक्षता हवी. रांजणखळग्यांचा खडक ओला झाला की निसरडा होतो आणि धरणातून सोडलेले पाणी आकाश निरभ्र असतानाही वाढते. मुलांना काठापासून दूर उभे करूनच धडा द्यावा.

घरातील श्रमांचा हिशेब

कृषि पर्यटनाच्या जमाखर्चात एक रक्कम नेहमी सुटते, ती म्हणजे घरातील स्त्रियांच्या श्रमांची. बारा पाहुणे, दोन वेळचे जेवण आणि माणशी तीन भाकरी असा हिशेब केला, तर दिवसाला बहात्तर भाकरी होतात. त्या थापणारे हात घरचेच असतात आणि म्हणून फुकट धरले जातात. वहीत धान्य, वीज, पाणी, डागडुजी यांच्या बरोबरीने या श्रमांची रोजंदारी गावच्या चालू दराने लिहावी आणि ती त्या स्त्रीच्या हाती द्यावी. तसे करूनही शिल्लक राहिली, तरच धंदा नफ्यात आहे असे समजावे. गावातील महिला बचत गटाकडे स्वयंपाकाचे काम सोपविल्यास उत्पन्न एकाच घरात न राहता चार घरांत पोहोचते.

पंचायतीने व शिक्षकांनी काय करावे

ग्रामपंचायतीने प्रथम ग्रामसभेत विषय मांडावा. गावात एकूण किती पाहुणे सामावतील याची मर्यादा उन्हाळ्यातील पाणी पाहून ठरवावी. कृषि पर्यटन केंद्राची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून घेण्यास शेतकऱ्याला साहाय्य करावे आणि शेतीच्या नावाखाली नुसते बंगल्यांचे भूखंड पडत असतील, तर त्यांना कृषि पर्यटन मानू नये. पाहुणा निघून गेल्यावरही जमीन शेतकऱ्याचीच राहिली पाहिजे, ही या योजनेची खरी कसोटी होय.

शिक्षकांनी दोन दिवसांची आखणी अशी करावी. पहिल्या सकाळी शनिवारवाडा व लाल महाल, दुपारी आगाखान पॅलेस, पुढे वढू बुद्रुक आणि सायंकाळी उजेड असतानाच मुक्कामी पोहोचणे. दुसऱ्या दिवशी पहाटे मोर व शेतीची ओळख, नंतर पाबळचा विज्ञान आश्रम पूर्वसूचना देऊन पाहणे आणि रांजणगावमार्गे परतणे. १ जानेवारीच्या सुमारास नगर रस्त्यावरील वाहतूक वळविली जाते, तेव्हा ती तारीख सहलीसाठी टाळावी. वढूची समाधी आणि पेरण्याचा जयस्तंभ ही लोकांच्या श्रद्धेची स्थाने आहेत, हे विद्यार्थ्यांना निघण्यापूर्वीच सांगावे.

समारोप

पुण्याचा इतिहास शहराच्या वेशीपाशी संपत नाही. तो वढूच्या समाधीपाशी, पाबळच्या कबरीपाशी, केडगावच्या आश्रयगृहात आणि पेडगावच्या ढासळत्या तटापाशी पसरलेला आहे. त्या इतिहासाच्या सान्निध्यात पाहुण्याला एक रात्र देणे शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याला सहज शक्य आहे. मात्र कुटीची पहिली वीट रचण्यापूर्वी हौदाचे माप घ्यावे, उसाच्या फडापासूनचे अंतर मोजावे आणि घरच्या लक्ष्मीच्या श्रमांचे मोल वहीत लिहावे. ही तीन मापे ज्या गावाने प्रामाणिकपणे घेतली, त्या गावी आलेला पाहुणा पुन्हा येईल आणि त्याच्या येण्याने गावाची घागर रिकामी होणार नाही.